शिडाच्या छोट्या होडीला मोटार निवडताना: आधी टेप, मग हॉर्सपॉवर

मे महिन्यातली दुपार. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यात आमची सोळा फुटी शिडाची होडी मजेत चालली होती, तेवढ्यात वळवाचं वारं सुटलं. भाच्याला म्हटलं, पुढे जाऊन शीड उतरव, मी मोटार सुरू करतो. मोटार पहिल्याच दोरीला सुरू झाली. पण भाचा पुढच्या टोकाला पोचला तशी होडीची मागची बाजू उचलली, पंखा पाण्याबाहेर आला आणि आठ हॉर्सपॉवरची ती मोटार रिकामा मिक्सर फिरवावा तशी किंचाळायला लागली. होडी पुढे जाईना. वाऱ्याने मात्र आडवी होऊन काठच्या खडकांकडे निघाली.

"मामा, मोटार चालू केली ना?"

चालूच होती की! शेवटी वल्ह्याने रेटत, एका खडकाला पाय लावत कसेबसे सुटलो.

चूक ताकदीत नव्हती, ती होडीच्या मानाने तिप्पट होती. शाफ्ट, म्हणजे मोटारीपासून खाली पंख्यापर्यंत जाणारा उभा दांडा, आखूड होता. सेकंडहँड मोटार घेताना मी फक्त "किती हॉर्सपॉवरची?" एवढंच विचारलं होतं, आणि विकणाऱ्याने तेवढंच सांगितलं.

पहिलं काम: होडी पाण्यात, टेप हातात

आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लटकणाऱ्या, मोटारी साधारण तीन लांबीच्या शाफ्टमध्ये येतात: शॉर्ट १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर, लाँग २० इंच म्हणजे ५१, आणि एक्स्ट्रा लाँग २५ इंच म्हणजे सुमारे ६३. मोटार होडीच्या मागच्या फळीवर जिथे बसते तिथपासून पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंतचं हे माप असतं. ही पट्टी पाण्याखाली राहिली तरच पंखा पाणी ढकलतो. वर आली की हवा ओढतो.

वेगाने पाण्यावर उचलून धावणाऱ्या मोटरबोटीत ही पट्टी होडीच्या तळाशी समपातळीत ठेवतात. शिडाच्या होडीला तो हिशेब लावू नका. तिची मागची बाजू लाटेवर वरखाली होते, आणि शीड उतरवायला माणूस पुढे जातो तो नेमका मोटारीची गरज असते तेव्हाच. म्हणून पट्टी स्थिर पाण्यात किमान दहा सेंटिमीटर खाली हवी, पंधरा मिळाली तर उत्तम.

मोजायचं असं. नेहमीइतकी माणसं आणि सामान होडीत बसवा. मागच्या फळीवर, जिथे मोटार अडकवणार तिथून पाण्याच्या रेषेपर्यंत सरळ खाली टेप धरा. वरखाली होणारा ब्रॅकेट असेल तर तो सगळ्यात खालच्या खाचेत ठेवून मोजा. आमच्या होडीत हे माप निघालं ४० सेंटिमीटर. म्हणजे ३८ च्या शाफ्टची पट्टी आधीच पाण्याच्या दोन सेंटिमीटर वर! ५१ चा शाफ्ट लावला तर अकरा सेंटिमीटर खाली. काठावर पाच मिनिटांत कळलं असतं. टेप कपाटात होता.

मोजताना सुकाणूही पूर्ण दोन्हीकडे वळवून बघा. पंखा त्याला घासत असेल तर मोटार बाजूला सरकवावी लागते, आणि त्या जागेचं माप वेगळं येतं.

किती ताकद? वाटते त्याहून कमी

शिडाची होडी पाणी कापत जाते, पाण्यावर चढत नाही. तिच्या वेगाला एक छत असतं आणि ते पाण्याच्या रेषेवरच्या लांबीवर ठरतं. लांबी मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, साडेचारने गुणा. येतो तो ताशी किलोमीटरमधला वेग. आमच्या होडीची ती लांबी सव्वाचार मीटर. वर्गमूळ दोनपेक्षा जरा जास्त, म्हणजे वेग नऊ-सव्वानऊ. संध्याकाळी नाशिकच्या रविवार कारंज्याच्या गर्दीतून रिक्षा निघते साधारण तेवढा. त्यापुढे कितीही हॉर्सपॉवर लावा, होडी मागे बसते, लाट मोठी होते, पेट्रोल जळतं.

या वेगाला ढोबळमानाने एक टन वजनामागे चार हॉर्सपॉवर पुरतात. वजन म्हणजे होडी, माणसं, मोटार, पाण्याचे कॅन, डबा, सगळं. आमचं भरतं ६०० किलो, म्हणजे गरज निघाली २.४ ची. समोरून वारं आलं तर थोडी शिल्लक हवी, म्हणून साडेतीन.

नाशिकसाठी एक छोटी दुरुस्ती. आपण समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर वर आहोत. हवा विरळ होते तशी पेट्रोल इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे कागदावरच्या साडेतीनचे इथे ३.३ मिळतील. रडण्यासारखं नाही, पण गणित काठावर बसत असेल तर एक पायरी वर जा.

मोठी मोटार घ्यायचा मोह का टाळायचा, तर वजन. साडेतीन हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटार अठरा किलोच्या आसपास असते, आठची चाळीसला टेकते. ते ओझं होडीच्या अगदी मागच्या टोकावर लटकतं. शिवाय दर वेळी तुम्हीच ते गाडीतून काठापर्यंत नेणार, तेही चिखलातून. मोटार विकत घेण्यापूर्वी दुकानात ती एकदा हाताने उचलून दहा पावलं चालून बघा.

पंखा आणि रिव्हर्स

हळू जाणाऱ्या जड होडीला मोठ्या घेराचा, कमी पिचचा पंखा हवा. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदोपत्री किती पुढे जाईल ते अंतर. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकतो तसंच हे. मोटारीसोबत येणारा पंखा बहुधा हलक्या होडीसाठी असतो; दुकानदाराला "कमी पिचचा मिळेल का" असं स्पष्ट विचारा.

होडीला ब्रेक नसतो. जेट्टीला लावताना रिव्हर्स हा एकच आधार. छोट्या मोटारींत रिव्हर्सचा गिअर बऱ्याचदा नसतो, मोटारच गर्रकन उलटी फिरवावी लागते. चालतं, सवय होते. पण फिरवताना सुकाणू किंवा दोर आड येत नाही ना, ते आधी बघा.

पेट्रोल की बॅटरी?

टू-स्ट्रोक हलकी असते, दुरुस्तीला सोपी असते, कोकणात मच्छीमारांची आवडती आहे. पण ती पेट्रोलबरोबर ऑइल जाळते आणि धूर थेट पाण्यात सोडते. गंगापूरचं पाणी नाशिक पितं. तिथे टू-स्ट्रोक नको, या मुद्द्यावर मी वाद घालत नाही.

फोर-स्ट्रोकमध्ये पाहायची गोष्ट म्हणजे थंड करण्याची पद्धत. बहुतेक मोटारी तलावाचंच पाणी ओढून थंड होतात. पावसाळ्यात गढूळ पाणी आणि मे महिन्यात तळाचा गाळ आतल्या इम्पेलरला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या रबरी चाकाला, खातो. मागून पाण्याची बारीक धार पडते ना, तिच्यावर नजर ठेवा. धार बंद तर मोटार बंद. होंडाची २.३ हॉर्सपॉवरची मोटार हवेने थंड होते, म्हणून उथळ, गाळाच्या जागी ती बरी. आवाज मात्र सोसावा लागतो.

दुसरी काळजी पेट्रोलची. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि अनेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत दहापर्यंतचीच मुभा असते. विचारून घ्या. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. महिनाभर टाकीत पडलेलं पेट्रोल कार्बोरेटरचं वाटोळं करतं. घरी निघण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून मोटार आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे आत काही उरत नाही.

आता बॅटरी. धरणावर दोन-तीन तास फिरणाऱ्याने इकडे गंभीरपणे पाहावं. बॅटरीवरच्या छोट्या मोटारींना ट्रोलिंग मोटार म्हणतात, आणि त्यांचा ढकलण्याचा जोर पौंडांत सांगतात. शंभर किलोमागे साडेचार पौंड हे किमान. वाऱ्यासाठी दुप्पट धरा. आमच्या ६०० किलोंना ५५ पौंडांची. ती पूर्ण जोरात १२ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर खेचते. घरातली १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी लावली तर, ती अर्ध्याखाली उतरवायची नसल्याने, तास-सव्वा तास मिळेल. शिवाय ती पन्नास किलोंहून जड. लिथियमची १०० अँपिअर-अवरची बारा-तेरा किलोत बसते, जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण खिसा हलका करते. जमेची बाजू अशी की वेग निम्म्यावर आणला तर लागणारी ताकद साधारण आठव्या हिश्श्यावर येते. हळू जा, दिवसभर फिरा.

सेकंडहँड बघायला जाताना

पोचल्याबरोबर इंजिनाला हात लावा. गरम असेल तर तुम्ही येण्याआधी ती कुणीतरी सुरू केलेली आहे. थंड होऊ द्या, मग दोरी ओढा. पिंपभर पाण्यात मोटारीचा खालचा भाग बुडवून पंधरा मिनिटं चालवायला लावा. खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून बघा: दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. आणि टेप! शाफ्ट स्वतः मोजा, "लाँगच आहे" या शब्दावर विसंबू नका. नाशिकमध्ये चांगले टू-व्हीलर मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत, कार्बोरेटर ते सहज उघडतात, पण इम्पेलर आणि पंख्याची शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटणारी खिळी) मागवावीच लागते. तेव्हा ज्या कंपनीचे पार्ट मुंबईत सहज मिळतात तीच घ्या, आणि दोन पिना कायम खिशात ठेवा. गोदेच्या पाणवेली आणि मासेमारीच्या जाळ्याचा धागा पंख्यात गुंतला की त्यांची आठवण येते.

परवानगी

मोटार लावली की होडी यांत्रिक झाली. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात अशा नौकांच्या नोंदणीची तरतूद आहे, आणि धरणाच्या पाण्यावर उतरायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. पैसे देण्याआधी दोन्हीकडे विचारा. निफाडच्या नांदूर मध्यमेश्वरला मोटारीचा विचारही नको. ते पक्षी अभयारण्य आहे आणि २०२० पासून राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

पहिल्या फेरीत लाइफ जॅकेट घाला, मोटार बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधा, आणि मोटार स्वतंत्र दोराने होडीला अडकवा, क्लॅम्प ढिले होतात. वल्हीही न्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने वल्ह्यांच्या जोरावर २०१६ चं रिओ ऑलिंपिक गाठलं. आपल्याला काठ गाठायचा असतो.

माझी आठची मोटार पुढे एका मित्राने घेतली. त्याच्याकडे रबरी होडी आहे. तिच्या मागच्या फळीची उंची ३८ सेंटिमीटर, आणि तिथे ती अजिबात किंचाळत नाही.