हेडफोनची महागडी केबल खरोखर वेगळी वाजते का, हे घरी कसे तपासावे

सेनहायझर एचडी ६०० सारख्या हेडफोनची केबल काढून दुसरी लावता येते, आणि म्हणूनच तिच्यावर हेडफोनइतकेच पैसे घालायला सांगणारे सल्लागार पैशाला पासरी मिळतात. चांदीच्या तारेने आवाज उजळतो, या विधानावर पाकीट उघडण्याआधी पुढील तपासणी करावी.

जुन्या केबलच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. खरखर गेली, तर बहुधा तक्रारही जाते.

दोन्ही केबलींचा रोध मल्टिमीटरने मोजावा आणि प्रोब एकमेकांना टेकवल्यावर दिसणारा आकडा त्यातून वजा करावा. एचडी ६०० चा इंपीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, ३०० ओहम असल्याने केबलमध्ये पूर्ण १ ओहम वाढला, तरी आवाज जेमतेम ०.०३ डेसिबलने उतरतो. मात्र ज्या इअरफोनचा इंपीडन्स सुरांच्या एका पट्टीत ५, तर दुसरीत ४० ओहम असतो, तिथे तोच १ ओहम या दोन पट्ट्यांत सुमारे १.४ डेसिबलची तफावत पाडतो आणि ती ऐकू येते. ती करामत रोधाची असते, धातूच्या नावाची नव्हे.

खरी कटकट आहे ती दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवण्याची, आणि मला सर्वाधिक छळले ते याच टप्प्याने. महागडी केबल बहुधा ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या, पिनेची असते आणि अनेक ॲम्प्लिफायर त्या आउटपुटवर दुप्पट व्होल्टेज, म्हणजे ६ डेसिबल जास्त देतात. किंचित वाढलेला आवाज कानाला मोठा न वाटता भरदार आणि स्वच्छ वाटतो, त्यामुळे कानाच्या अंदाजाने व्हॉल्यूम जुळवा म्हणणाऱ्याचे मुळीच ऐकू नये. दोन्ही केबली वेगळ्या आउटपुटवर चालवणे अटळ असेल, तर २०० हर्ट्झचा सलग सूर वाजवावा, एचडी ६०० च्या एका कानाचा प्लग उपसून त्याच्या जाड आणि बारीक पिनांमधील एसी व्होल्टेज मोजावे आणि दोन्ही आकड्यांतील फरक १ टक्क्याच्या, म्हणजे साधारण ०.१ डेसिबलच्या आत आणावा. प्रोब एकमेकांना लागता कामा नयेत. याहून सोपे म्हणजे ४.४ ची केबल साध्या जॅकला जोडणारा ॲडॉप्टर घेऊन दोन्ही केबली एकाच आउटपुटवर वाजवणे. मग व्हॉल्यूमला हातही लावावा लागत नाही. उलट प्रकारचा, साध्या पिनेचा हेडफोन बॅलन्स्ड आउटपुटला जोडणारा ॲडॉप्टर कदापि वापरू नये, कारण त्यात दोन्ही वाहिन्यांच्या ऋण बाजू एकत्र येऊन ॲम्प्लिफायर निकामी होऊ शकतो.

नंतर घरातल्या कोणाला तरी नाणे उडवून, तुमच्या नकळत केबल लावायला सांगावे आणि दरवेळी ती कोणती हे ऐकून ओळखावे. तीच केबल पुन्हा आली, तरी त्याने ती काढून घालावी. केबलवर पंचा टाकावा. हेडफोन कानावर दरवेळी त्याच जागी बसवावा, कारण तो बोटभर सरकला तरी वरच्या पट्टीतील आवाज कोणत्याही केबलपेक्षा जास्त बदलतो.

१६ फेऱ्यांत १२ उत्तरे बरोबर आली, तर फरक खरा मानायला हरकत नाही; निव्वळ अंदाजाने इतके जमण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते. त्याहून कमी आली, तर पैसे नव्या इअरपॅडवर घालावेत, कारण चेपलेले पॅड आवाज नक्की बिघडवतात. मूळची ३ मीटरची केबल पायांत येत असेल किंवा कपड्याला घासताच कानात खरखरत असेल, तर ती जरूर बदलावी; फक्त नवी घेताना आखूड, मऊ आणि स्वस्त पाहून घ्यावी.