पीटेड सिंगल माल्ट चाखताना या चुका टाळा

लाफ्रॉइग या धुरकट स्कॉच व्हिस्कीचा पहिला घोट घेतल्यावर ‘हे तर डेटॉल!’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. बाटली बनावट नसते. वास खरोखरच औषधी असतो. मोड आणलेली बार्ली, म्हणजे माल्ट, वाळवताना भट्टीत पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला वनस्पतींचा थर, जाळतात. त्या धुरातली फिनॉलं, म्हणजे वासाची रसायनं, दाण्याला चिकटतात. त्यांपैकी क्रेसॉलं जंतुनाशकाची आठवण करून देतात, ग्वायकॉल जळक्या लाकडाची. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. जीभ धुराला सरावली की तिसऱ्या-चौथ्या घोटाला त्यामागचा गोडवा, लिंबू, खारेपणा कळू लागतो.

सगळ्यात मोठी फसगत पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग, या मापाच्या) आकड्यानं होते. तो आकडा सहसा माल्टमधल्या फिनॉलचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. आंबवताना, गाळताना आणि पिंपात मुरताना त्यातलं बरंच कमी होतं. स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरच्या लागावुलिन आणि कूल ईला या दोघींचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतो, पीपीएमही जवळपास सारखं, सुमारे ३५. तरी लागावुलिन जड आणि तेलकट, कूल ईला हलकी आणि स्वच्छ. कूल ईलाची गाळपाची तांब्याची भांडी कमी भरतात, त्यामुळे वाफेला तांब्याचा सहवास जास्त मिळतो. शिवाय फिनॉलं गाळपाच्या उत्तरार्धात येतात. धार कधी तोडायची, म्हणजे गाळलेली दारू गोळा करणं कधी थांबवायचं, यावर बराच खेळ असतो. आयलाच्याच ऑक्टोमोर या व्हिस्कीचा आकडा शंभराच्या पार जातो, म्हणून ती तिथल्याच अर्डबेगच्या दुप्पट धुरकट लागेल अशी अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल.

आयला म्हटलं की धूर, हेही अर्धसत्य. ब्रुकलाडी या नावानं येणारी व्हिस्की बिनधुराची असते, बुनाहावनचीही बहुतेक तशीच. उलट, गोव्यात कुंकळ्ळीला गाळलेली पॉल जॉन बोल्ड आयलाच्या पीटवर वाळवलेल्या बार्लीची आहे.

बर्फ टाकल्यावर वास कमी झाला? साहजिक आहे, थंडाव्यानं सुगंधी द्रव्यं उडत नाहीत. व्हिस्की गढूळ झाली, तरी घाबरू नका. चिल-फिल्टर न केलेल्या, म्हणजे थंड करून न गाळलेल्या, बाटलीत हे होतंच. बर्फाऐवजी साध्या पाण्याचे थोडे थेंब घालून पाहा. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकी प्रतिरूपातून दाखवलं, की पाणी घातल्यावर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतं. सोड्याशी माझं वैर नाही; कूल ईला सोड्यात छानच लागते. फक्त आधी नुसती चाखा.

नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. अनेक सिंगल माल्ट मांडले असतील तर पीटेड शेवटी, नाहीतर नंतरच्या नाजूक माल्टची चवच लागणार नाही. लसणाची चटणी लावलेला चाखणाही त्यानंतरच.

अर्धी बाटली वर्षभर ठेवल्यावर धूर मवाळ लागला, तर दोष बहुधा आत साठलेल्या हवेचा. उरलेली व्हिस्की लहान बाटलीत काठोकाठ भरून, उभी आणि अंधारात ठेवा. आडवी ठेवलीत तर दारू बुचाला खाते.