जुन्या दमदार गाडीचं सस्पेन्शन बदलताय? या चुका टाळा

फोर्ड आयकॉन १.६, फियाट पॅलिओ १.६, पहिली होंडा सिटी व्हीटेक. ज्यांनी या गाड्या जपून ठेवल्यात त्यांची तक्रार ठरलेली: इंजिन अजून पळतं, पण तुळजापूरच्या घाटात वळणावर गाडी हातात राहत नाही. मग लगेच लोअरिंग स्प्रिंगची, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंगची चौकशी सुरू होते. घाई इथेच नडते. वीस-पंचवीस वर्षांत बुश (सांध्यातलं रबर), बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोळीचा सांधा), स्ट्रट माउंट (शॉकअपची वरची बैठक) सगळं ढिलं झालेलं असतं. त्यावर कडक स्प्रिंग टाकली की वाढलेला मार त्याच खिळखिळ्या सांध्यांवर बसतो.

आधी आवाज ओळखा

छोट्या खड्ड्यात खटखट वाजतं? बहुतेक वेळा लिंक रॉड (कलंडणं रोखणाऱ्या बारची जोड-दांडी). ब्रेक मारताना किंवा वेग वाढवताना एकच ‘टक्’? लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश बघा. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाजली तर स्ट्रट माउंटचं बेअरिंग गेलंय. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला तर पुढची तपासणी नकोच, जोडीने बदला.

नवे बुश चार-सहा महिन्यांत फाटतात तेव्हा दोष मालावर ढकलला जातो. बसवताना बघितलंय का कधी? गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत आणि मिस्त्री लोअर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळतोय. गाडी खाली आली की आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट सैल ठेवायचे, चाकांवर वजन येऊ द्यायचं आणि मगच आवळायचे. समोर उभं राहून करून घ्या.

स्प्रिंग कापणं

हे करूच नका. वेटोळं कमी झालं की स्प्रिंग कडक होते, पण शॉकअप जुनाच, त्याला ती आवरत नाही. गाडी उसळत राहते, प्रत्येक गतिरोधकावर बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतं त्या रबरावर) आदळते. चाक पूर्ण लोंबकळलं तर स्प्रिंग बैठकीतून सटकूही शकते.

विकतच्या लोअरिंग स्प्रिंगलाही मर्यादा आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात) असलेली गाडी फार खाली आणली की लोअर आर्म उलट्या कोनात जातो, रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो) जास्तच घसरतं, म्हणजे ज्यासाठी पैसे घातले तो कलंडण्याचा त्रास तितका कमी होत नाही. शिवाय गाळप हंगामात समोरून उसाची ट्रॉली आली की साइडपट्टीवर उतरावंच लागतं. तिथे तुमचा बंपर गेला!

टायर विसरू नका

खरं तर सुरुवात इथूनच हवी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हात जुनं रबर कडक होतं आणि पकड जाते. चांगले टायर, नवे बुश आणि कंपनीच्या स्प्रिंगवर चांगले गॅस शॉकअप, एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. माझं मत विचाराल तर कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) धुळीच्या, खड्ड्यांच्या रोजच्या रस्त्यासाठी नाहीतच.

शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून घ्या. आयकॉन-पॅलिओला मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) आहे, तिथे नेहमीची ॲडजस्टमेंट नसते. मागचा टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते माप) चुकीचा दाखवत असेल तर बीम वाकलाय का ते तपासायला सांगा.