पीएम किसानचा हप्ता थांबला? बँकेत धावण्याआधी या चुका तपासा

शेजारच्याचे पीएम किसान या केंद्राच्या शेतकरी योजनेचे दोन हजार जमा झाले आणि आपले नाहीत, की माणूस पासबुक घेऊन थेट बँकेत जातो. बँकवाले तलाठ्याकडे पाठवतात, तलाठी कृषी सहायकाकडे. यात मजुरी बुडते, ऊन लागते आणि हातात काहीच येत नाही. पहिली चूक हीच: स्टेटस न बघता निघणे.

पीएम किसानच्या पोर्टलवर ‘नो युवर स्टेटस’ (आपली स्थिती जाणून घ्या) मध्ये नोंदणी क्रमांक टाका. लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणे), ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी) आणि आधार बँक सीडिंग (आधारला बँक जोडणे) या तीन ओळी बघा. जिथे ‘नो’ म्हणजे नाही असेल, काम तेवढेच. लँड सीडिंग अडले असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालय गाठा; त्यात बँक काही करू शकत नाही.

सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या ओळीत होतो. ‘माझं आधार खात्याला लिंक आहे’ असे शेतकरी छातीठोकपणे सांगतो आणि ते खरेही असते. पण हप्ता आधार क्रमांकावरून पाठवला जातो आणि एनपीसीआय या देशातल्या बँक व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत त्या आधारपुढे ज्या बँकेचे नाव असेल तिथेच पडतो. तिथे एका वेळी एकच बँक राहते. मोबाइलच्या दुकानात सिम घेताना कुणी पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले आणि डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट त्या खात्यात घ्यायला, संमती घेतली, की जुन्या बँकेच्या जागी ती नवी बँक येते. पैसे बुडालेले नसतात, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडले की बँकेचे नाव दिसते. ते बदलायचे असेल तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे डीबीटी संमतीचा फॉर्म भरा. नुसती आधारची झेरॉक्स देऊन येऊ नका.

बँकेची केवायसी झाली म्हणजे योजनेची ई-केवायसी झाली, असेही नाही. ती ओटीपीने, सीएससी म्हणजे सामायिक सेवा केंद्रात अंगठ्याने किंवा पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून होते. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांना केंद्रातून परत पाठवतात, तेव्हा फार वाईट वाटते. त्यांच्यासाठी चेहऱ्याची सोय वापरा.

वडील वारले तरी त्यांच्या नावाचा हप्ता घेत राहू नका, वसुली लागते. वारस नोंदीचा फेरफार करून स्वतःची नोंदणी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, वारसाने आलेल्या जमिनीवर आहे. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून एकच लाभ. मागच्या कर निर्धारण वर्षात प्राप्तिकर भरला असेल तर अर्जच करू नका.

महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे, तोही काढून ठेवा. नमो शेतकरी या राज्याच्या योजनेचे वर्षाचे सहा हजार पीएम किसानच्या लाभार्थ्यांनाच मिळतात, त्यामुळे एक अडले की दुसरेही अडते.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल, आली तर कृपा करून उघडू नका. तिने खातेच रिकामे होऊ शकते. आणि मागचे हप्ते गेले असे समजून गप्प बसू नका: तुम्ही अपात्र नसाल, तर त्रुटी दूर झाल्यावर थकलेले हप्ते मिळण्याचा तुमचा हक्क योजनेच्या नियमांतच आहे. तक्रारीसाठी १५५२६१ हा क्रमांक आहे.