काळ्या काचा, सनफिल्म आणि कायदा: गाडीवरची फिल्म ओळखायची कशी आणि काच न बिघडवता काढायची कशी

सनफिल्मच्या दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "साहेब, ही सत्तर टक्केवाली आहे, चालते." या भरवशावर लोक हजारो रुपये घालवतात आणि नंतर चलान भरतात. टक्क्यांचा नियम खरा आहे, पण तो काचेसाठी आहे, फिल्मसाठी नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. कंपनीतूनच हलक्या हिरव्या रंगाची आलेली काच या मर्यादेत असते, म्हणून ती चालते. वरून चिकटवलेल्या फिल्मची गोष्ट वेगळी. अविशेक गोएंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला: कितीही टक्क्यांची काळी फिल्म किंवा दुसरं कोणतंही साहित्य गाडीच्या काचांवर लावायचं नाही. ४ मे २०१२ पासून हा आदेश देशभर लागू झाला. पोलिसांनी नुसतं चलान फाडून सोडायचं नाही, फिल्म तिथल्या तिथे काढायला लावायची, हेही त्यात आहे. सवलत फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना मिळू शकते, तीही रीतसर परवानगी घेऊनच.

मग "आता फिल्म कायदेशीर झाली" असे व्हिडिओ कुठून आले? नियम १०० मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' (आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही यात येते) हा शब्द आला. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ७०/५० ची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मवर दंड करता येणार नाही, असा निर्णय दिला. तो निकाल केरळातला आहे. पुण्यात, नाशकात किंवा पणजीत गाडी अडवली तर समोरचा पोलीस २०१२ च्या आदेशावर बोट ठेवणार. आमचा सल्ला स्पष्ट आहे: महाराष्ट्रात आणि गोव्यात फिल्म लावू नका. दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली होतो, पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढे १५००. शिवाय फिल्मचे पैसे बुडतात ते वेगळेच.

केरळात गाडी वापरणाऱ्यांनीही एक हिशोब करावा. टक्के वजा होत नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. बाजूची मूळ काच ७० टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म चढवली, तर ०.७० × ०.७० म्हणजे ४९ टक्के. मर्यादा ५० ची, म्हणजे काच नापास. समोरची काच ७५ टक्क्यांची असेल तर ९० टक्क्यांची जवळपास पारदर्शक फिल्मही ती ६७.५ वर आणते. म्हणून आधी कोऱ्या काचेवर आरपार जाणारा प्रकाश मोजणारा मीटर लावून आकडा घ्या, फिल्मच्या डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.

जुनी गाडी घेताना फिल्म आहे की नाही हे डोळ्यांना चटकन कळत नाही, विशेषतः फिकट फिल्म. दाराची काच दोन बोटं खाली घ्या आणि वरची कड बघा. फिल्म कडेच्या एक-दोन मिलिमीटर आधीच संपते. आतल्या बाजूने नख फिरवलं की ती बारीक पायरी जाणवते. समोरच्या काचेच्या वरचा गडद पट्टाही असाच तपासा. काचेच्या आतच असेल तर तो कंपनीचा, नखाला कड लागली तर चिकटवलेला. काच बदललेली वाटली तर कोपऱ्यातला शिक्का वाचा: आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ (सुरक्षा काचेचं भारतीय मानक).

आता फिल्म काढण्याबद्दल. बाजूच्या काचांवरची फिल्म घरी काढता येते. अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब, स्प्रे बाटली, हेअर ड्रायर किंवा कपड्यांचा स्टीमर, नवं ब्लेड आणि दोन जुने टॉवेल एवढं पुरे. एक टॉवेल दाराच्या आतल्या कडेवर दाबून ठेवा, नाहीतर पाणी ओघळून पॉवर विंडोच्या बटणांत जातं. वरचा एक कोपरा बाहेरून अर्धा-एक मिनिट गरम करा, नखाने उचला आणि हळूहळू खाली ओढा. पुढचा भाग तापवत राहा. घाई केली की वरचा रंगीत थर सुटून येतो आणि गोंदाचा थर काचेवरच राहतो. सगळा त्रास तिथून सुरू होतो. उन्हात जांभळी पडलेली, फुगे आलेली जुनी फिल्म हमखास अशी फाटते, तिला जास्त वेळ वाफ द्या. उरलेल्या गोंदावर शाम्पूचं पाणी मारून दहा मिनिटं थांबा, मग ओल्या काचेवर ब्लेड आडवं धरून एकाच दिशेने चालवा. कोरड्या काचेवर ब्लेड लावलं की चरे पडलेच. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

मागच्या काचेवर ब्लेड अजिबात नको. आतून दिसणाऱ्या तपकिरी रेषा डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या तारांच्या आहेत. त्यातली एक खरवडली की ती तुटते आणि पावसाळ्यात तेवढ्या पट्टीत धुकं साचून राहतं. काही गाड्यांत अँटेनाही त्याच काचेत असतो. इथे फक्त वाफ द्या, फिल्म रेषांच्या दिशेने, म्हणजे आडवी ओढा आणि गोंद मऊ कापडाने चोळून काढा. गोंद निघत नसेल तर थांबून अनुभवी कारागिराकडे न्या. मजुरी नव्या काचेपेक्षा नक्कीच कमी पडते.

उन्हाचा त्रास खरा आहे, विशेषतः मागे लहान मूल बसत असेल तर. लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर) असलेली समोरची काच बरेच अतिनील किरण अडवते, बाजूच्या साध्या टफन (तापवून कडक केलेल्या) काचा तेवढे अडवत नाहीत. गाडी उभी असताना समोर चमकदार सनशेड लावा. निघण्याआधी दोन्ही बाजूंची दारं मिनिटभर उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मगच एसी लावा. बाजूच्या काचांवरच्या जाळ्या उभ्या गाडीपुरत्या ठेवा. चालत्या गाडीत काढून घ्या, कारण २०१२ च्या आदेशातले 'दुसरं कोणतंही साहित्य' हे शब्द त्यांनाही लावले जाऊ शकतात.