गाडीचं ऑनिंग: वावधनात, पावसात आणि दुरुस्तीच्या बिलात होणाऱ्या या चुका टाळा

कॅम्पर व्हॅनचं किंवा एसयूव्हीच्या कॅरिअरला लावलेलं ऑनिंग, म्हणजे सावलीसाठी गाडीच्या बाजूला उघडायचं कापडी छप्पर, बहुतेक वेळा वाऱ्याने नाहीतर साचलेल्या पाण्याने मोडतं. आणि दुरुस्तीवरून भांडण होतं, कारण ते कशाने मोडलं हे कोणी पाहतच नाही. आर्म (कापड ताणून धरणारा दुमडता दांडा) तुटला, आर्म बदलला, बिल दिलं. महिन्याभरात तोच आर्म पुन्हा तुटला की मालक म्हणतो काम कच्चं, मिस्त्री म्हणतो वापर चुकीचा. म्हणून आधी मोडतं कसं ते पाहू, मग गॅरेजकडे वळू.

दुपारच्या सफारीला जाताना उघडं ठेवणं

नागपूरहून पेंच, ताडोबा किंवा नवेगावला गेलेल्या गाड्यांची ही सगळ्यात महागडी चूक. एप्रिल-मेमध्ये विदर्भात दुपारपर्यंत झाडाचं पान हलत नाही आणि चार-पाचच्या सुमाराला अचानक वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटतं. नेमकी तेव्हाच मंडळी जिप्सीत बसून जंगलात असतात.

२.५ मीटर बाय २ मीटरचं कापड म्हणजे ५ चौरस मीटर. ताशी ५० किमीचा वारा त्याच्याखाली शिरला की साधारण ५५ किलोचा जोर कापड वर उचलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. मग कापडाच्या पुढच्या कडेची पट्टी टेकूच्या पायांसकट उचलली जाऊन गाडीच्या टपावर उलटते, खांद्याचे (आर्म जिथे गाडीकडे जोडलेला असतो तिथले) ब्रॅकेट पिळतात आणि बॉडीचा पत्राही फाटतो. गाडीपाशी कोणी थांबणार नसेल, तर ऑनिंग बंद. रात्री झोपतानाही बंद.

दोरी आणि खुंट्यांवर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा असतात आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. ऑनिंगबरोबर येणारी बारीक खुंटी दोन्ही वेळा निघून येते. १० मिमी सळईचे ४५ सेंमी लांब तुकडे कापून घ्या, वरचं टोक वाकवा, आणि खुंटी गाडीच्या उलट दिशेला कललेली ठोका. दोरी जमिनीशी साधारण ४५ अंशांत हवी. मुरमाच्या जमिनीत हीच सळई चांगली धरते. पण हा बंदोबस्त झुळकेसाठी आहे, वावधनासाठी नाही.

जागा निवडताना झाडही पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली ऑनिंग उघडलं तर फुलांचा गोड चिकटा कापडावर पडतो आणि गुंडाळल्यावर तिथे बुरशी धरते. शिवाय मोहफुलांवर अस्वलं येतात. तेव्हा मोहाखाली मुक्कामच नको.

पाण्याला वाट न ठेवणं

५ चौरस मीटर कापडावर १० मिमी पाऊस पडला तर ५० लिटर पाणी, म्हणजे ५० किलो. कापड सपाट ताणलेलं असेल तर मधे पोट सुटतं आणि जितकं पोट सुटतं तितकं आणखी पाणी थांबतं. उपाय साधा आहे: एक पाय दुसऱ्यापेक्षा २५ ते ३० सेंमी खाली घ्या. जोराचा पाऊस असेल तर ऑनिंग गुंडाळूनच टाका. पोट सुटलंच, तर खालून काठीने ढोसू नका, कापडाला भोक पडतं. एक पाय हळूहळू खाली करत पाणी सोडा.

ओलं गुंडाळावं लागलं तर एक-दोन दिवसांत पुन्हा उघडून पूर्ण वाळवा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ओल्या कापडावर काळे ठिपके पडायला वेळ लागत नाही, आणि ते एकदा पीव्हीसी कापडाच्या आत शिरले की निघत नाहीत. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. थिनर आणि प्रेशर वॉशर नको: थिनरने वरचा थर जातो, प्रेशरने शिवण उसवते.

हँडल जास्त फिरवणं

डब्यात बंद होणाऱ्या ऑनिंगमध्ये हे नेहमी घडतं. दोन्ही आर्म पूर्ण उघडले, कापड ताठ झालं, की थांबायचं. त्यापुढेही हँडल फिरत राहतं, पण आता रोलर (कापड गुंडाळायचा रूळ) फक्त कापड सैल सोडत असतो. आणखी फिरवलं की कापड रोलरवर उलट्या बाजूने चढायला लागतं, आणि बंद करताना पुढची पट्टी डब्यात नीट बसत नाही. अशा वेळी दाबून बसवू नका. ऑनिंग पूर्ण उघडा, कापड रोलरवरून सुटून सैल पडेपर्यंत हँडल फिरवा, मग मॅन्युअलच्या चित्रात दाखवलेल्या बाजूनेच ते रोलरवर चढतंय ना हे पाहत हळूहळू बंद करा. दुसऱ्या माणसाने समोर उभं राहून पट्टी सरळ येते का ते पाहावं.

पट्टी एका बाजूला बसते आणि दुसरीकडे दोन-एक सेंमी फट राहते, तेव्हा आधी आर्म वाकला आहे का ते तपासा. आर्म सरळ असेल तर कापड तिरकं गुंडाळलं जातंय. मागे राहणाऱ्या बाजूला रोलरवर पातळ पीव्हीसीची ५ सेंमी रुंद पट्टी चिकटवा. तिथला व्यास वाढतो, ती बाजू भरभर ओढली जाते.

स्प्रिंगच्या रोलरचं ऑनिंग असेल, जसं परदेशी ट्रेलरवर असतं, तर त्याची एंड कॅप (टोकाचं झाकण) घरी उघडू नका. आत पीळ भरलेली स्प्रिंग असते. पिन घालून लॉक न करता स्क्रू काढला तर ती एका झटक्यात सुटते आणि बोटं मोडतात.

मोटर मंद चालली की मोटरच बदलणं

विजेच्या मोटरवर उघडणारं ऑनिंग मंद चाललं तर आधी मल्टिमीटर लावून व्होल्ट मोजा. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. मग मोटर चालू असताना मोटरच्या टोकाशी मोजा. १ चौरस मिमीची वायर ६ मीटर लांब नेली असेल, तर १० अँपिअरला जाऊन-येऊन सुमारे २ व्होल्ट वाटेतच जातात; ४ चौरस मिमीच्या वायरीत जेमतेम अर्धा. कित्येक मोटरी नुसती वायर बदलली की ठीक चालतात. फ्यूज मॅन्युअलमध्ये दिलेल्या अँपिअरचाच लावा. वारंवार उडतो म्हणून मोठा लावला तर वायर जळते.

बोल्ट एकदा कसून विसरून जाणं

समृद्धी महामार्गावर ताशी १२० किमीची मर्यादा आहे. ८० च्या तुलनेत १२० वर कॅरिअरच्या ऑनिंगवर हवेचा जोर सव्वादोन पट पडतो. ब्रॅकेटला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे) लावा, नवीन फिटिंगनंतर २०-२५ किमीवर थांबून पुन्हा पाना लावा, आणि लांब प्रवासात प्रत्येक थांब्यावर हाताने हलवून पाहा. बॉडीला भोक पाडलं असेल तर कापलेल्या कडेला प्रायमर, खाली ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी), वर पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन उघड्या लोखंडाला गंजवतं; ते लावायला निघालेल्या मिस्त्रीला तिथेच थांबवा.

कारण न ठरवता काम सोपवणं

मोडलेला भागच बरंच काही सांगतो. आर्म सरळ आहे पण आतली वायर रोप किंवा साखळी तुटली आहे: झीज किंवा सदोष भाग. आर्म कोपरात वाकला आहे, खांद्याचा ब्रॅकेट पिळला आहे: वारा. पुढची पट्टी मधेच खाली वाकली आहे आणि कापडाला पोट सुटलं आहे: पाणी. डब्याच्या टोकाची प्लास्टिक कॅप फुटली आहे आणि बाजूला ओरखडे आहेत: फांदी किंवा गेट. गॅरेजमध्ये गाडी देण्याआधी याचे जवळून फोटो काढा, मॉडेल आणि सीरियल नंबरच्या पट्टीचाही घ्या.

मग जॉब कार्डवर ते शब्दांत उतरवून घ्या. नुसतं «ऑनिंग रिपेअर» असं लिहिलेलं कार्ड भांडणात काही कामाचं नाही. असं हवं: «उजवा आर्म सरळ, आतली वायर रोप तुटलेली. आर्म नवा टाकायचा. डावा आर्म तपासला, ताण ठीक. कापडाला हात लावायचा नाही. भागाची किंमत वेगळी, मजुरी वेगळी. जुना आर्म परत द्यायचा. अंदाजापेक्षा खर्च वाढल्यास आधी विचारायचं.» वॉरंटी किती महिने आणि कशावर, तेही तिथेच लिहून घ्या. भाग बाहेरून मागवायचा असेल तर आगाऊ रक्कम भागाच्या किमतीपुरतीच द्या आणि तिची पावती घ्या.

कापड बदलायचं असेल तर कोण शिवतं ते विचारा. रिक्षाचं हूड शिवणारे कारागीर कॅनव्हासचं काम छान करतात, पण पीव्हीसीचा जोड गरम हवेने वेल्ड करावा लागतो. शिवला तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं. सुती दोरा उन्हात कुजतो, पॉलिएस्टर मागा. नव्या कापडाचे दोन्ही कर्ण तुमच्यासमोर मोजून घ्या. ते सारखे नसतील तर ऑनिंग कायम तिरकंच गुंडाळलं जाईल.

पैसे देण्याआधी तीन वेळा उघड-बंद करा आणि जोडांवर दहा मिनिटं नळीने पाणी सोडा. «बिल नको, १८ टक्के जीएसटी वाचेल» या सवलतीला भुलू नका. त्या वाचवलेल्या पैशांबरोबर तुमचा पुरावाही जातो.

भांडण झाल्यावर गाडी ओढून आणणं

वेगळं काही ठरलेलं नसेल तर मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने दिला आहे. म्हणून बिल पटत नसेल तर «हरकतीसह रक्कम दिली» असं बिलावर लिहून पैसे भरा आणि गाडी सोडवा. त्याच कायद्याचं कलम १५१ तुमच्या बाजूने आहे: ताब्यातल्या वस्तूची वाजवी काळजी त्याने घेतलीच पाहिजे. गॅरेजमध्ये असताना कापड फाटलं तर ती जबाबदारी त्याला सहज झटकता येत नाही.

पुढे स्पीड पोस्टने लेखी नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करायची असते, वकील सक्तीचा नाही, आणि वस्तू किंवा कामासाठी तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ऑनिंग पुण्याच्या किंवा दिल्लीच्या फिटरने बसवलेलं असलं तरी तुम्ही नागपुरात राहत असाल तर नागपुरात तक्रार करता येते. कॅम्पर भाड्याने देण्याचा धंदा असेल तर मात्र समोरचा «व्यावसायिक वापर» हा मुद्दा काढेल. हा धंदा स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवता, हे दाखवणारे कागद तयार ठेवा.

विम्याचंही तसंच. नंतर बसवलेलं ऑनिंग पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून किमतीसकट नोंदवलेलं नसेल तर त्याचा क्लेम मिळत नाही. नोंद असेल आणि वावधनात नुकसान झालं असेल, तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत एकही बोल्ट सोडू नका.