जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करताना या चुका टाळा

२००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीतील तिसऱ्या रविवारी धावली जाते आणि तिच्यासाठी पुण्यातील हौशी धावकांची लगबग पावसाळ्यातच सुरू होते. ऑगस्टपासून विद्यापीठाच्या आवारात, तळजाई टेकडीवर आणि एनडीएच्या रस्त्यावर नवे चेहरे दिसू लागतात. त्यांतले बरेचसे डिसेंबर उजाडेपर्यंत गुडघ्याला पट्टा बांधून फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात बसलेले असतात. आमच्या रविवारच्या गटात नवशिक्यांना सोबत करण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे या चुका मी जवळून पाहत आलो आहे आणि त्यांत नावीन्य असे काहीही उरलेले नाही. हृदय व फुप्फुसे नियमित सरावाला सहा ते आठ आठवड्यांत चांगला प्रतिसाद देतात, परंतु स्नायूबंध व हाडे यांना तेच बळ येण्यास काही महिने लागतात. त्यामुळे दम लागेनासा होतो, पाय हलके वाटू लागतात आणि आता वेग वाढवायला हरकत नाही असे धावकाला मनोमन पटते, नेमक्या त्याच काळात त्याची हाडे सर्वांत जास्त धोक्यात असतात.

माझ्या मते पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे सावकाश धावण्याच्या दिवशी जोरात धावणे. आठवड्यातील बहुतेक किलोमीटर सावकाश धावावेत, असे सांगितले की सगळे माना डोलावतात. दुसऱ्या दिवशी मनगटावरचे घड्याळ सुरू झाले, की तीच मंडळी समोरच्या माणसाला गाठण्याच्या मागे लागतात. आमच्या गटात हिंजवडीला नोकरी करणारा, पस्तिशीतला एक धावक होता. त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ५८ मिनिटांत पूर्ण केली होती आणि पूर्ण मॅरेथॉन साडेचार तासांत संपवण्याचे त्याचे लक्ष्य होते. त्यासाठी प्रत्येक किलोमीटर सरासरी ६ मिनिटे २४ सेकंदांत धावावा लागतो. हे लक्ष्य आवाक्यातले होते. पण अशा धावकाने रोजची सावकाश धाव किलोमीटरला ७ मिनिटे किंवा त्याहूनही थोडा अधिक वेळ घेऊन करायला हवी होती. हा गृहस्थ मात्र मंगळवारीही ५ मिनिटे ४५ सेकंदांनी धावायचा आणि रविवारची २४ किलोमीटरची लांब धाव शर्यतीच्या लक्ष्यापेक्षाही वेगाने संपवून बाकीच्यांची वाट पाहत उभा राहायचा. कारण विचारले तर म्हणायचा, ‘काका, सात मिनिटांचा आकडा स्ट्रावावर टाकायला लाज वाटते.’ (स्ट्रावा म्हणजे आपली धाव इतरांना दाखवणारे ॲप.)

या सवयीचा परिणाम एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच ती सुटत नाही. लांब धाव शर्यतीच्या वेगाने केली, की त्यातून सावरायला तीन-चार दिवस जातात, मधल्या दिवसांतील सराव थकलेल्या पायांनी होतो आणि ज्या एका दिवशी खरोखर वेगाने धावायचे असते त्या दिवशी पायांत जोरच उरत नाही. असा माणूस आठवडाभर एकाच मधल्या वेगाने धावत राहतो. तो वेग विश्रांतीसाठी फार जास्त आणि वेग वाढवण्यासाठी फार कमी असतो. नाडीच्या ठोक्यांवरून वेग ठरवायचा तर कमाल ठोके काढण्यासाठी २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र ढोबळ आहे, शिवाय उकाड्यात त्याच वेगालाही ठोके वाढतात. म्हणून मी घड्याळापेक्षा बोलण्यावर विसंबतो. शेजारून धावणाऱ्याला आपल्या सोसायटीच्या सभेत परवा काय वादावादी झाली, ते पूर्ण वाक्यांत आणि मध्ये न थांबता सांगता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले, तर वेग कमी करावा. चढावर तेही जमत नसेल, तर चालावे. सावकाश धावण्याच्या दिवशी मी घड्याळ बाहीखाली झाकून ठेवतो आणि नवशिक्यांनाही तसेच करायला लावतो. काहींना हा म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा वाटतो, त्याला माझा इलाज नाही.

दुसरी चूक आधीचीच सख्खी बहीण म्हणावी अशी आहे, ती म्हणजे बुडालेला सराव भरून काढणे. आपल्याकडे जानेवारीच्या शर्यतीच्या तयारीत गणपती, नवरात्र आणि दिवाळी हे तिन्ही सण येतात; पाहुणे, प्रवास आणि जागरणे यांत आठवडे निघून जाणे स्वाभाविक आहे. वर उल्लेख केलेल्या गृहस्थाची दिवाळी आणि कार्यालयातील कामाची घाई यांत तीन आठवड्यांची धाव बुडाली. परत आला तेव्हा त्याच्या सरावाच्या तक्त्यात ३० किलोमीटरची लांब धाव लिहिलेली होती. आधीची २६ आणि २८ किलोमीटरची धाव झालेली नाही, या गोष्टीला त्याच्या लेखी काही महत्त्व नव्हते. पहिल्या रविवारी त्याने ३० किलोमीटर धावले, मधल्या बुधवारी ‘राहिलेले’ म्हणून १८ आणि पुढच्या रविवारी ३४. त्यानंतर डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून वीतभर वर, त्याला दुखू लागले. बर्फ लावून, पट्टी गुंडाळून आणि दोन्ही वेळा वेदनाशामक गोळी घेऊन त्याने आणखी आठवडाभर धाव चालू ठेवली.

नडगी दुखणे ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार असते आणि तिच्यातील फरक प्रत्येकाने ओळखायला शिकावे. नडगीच्या आतल्या कडेने बोटभरापेक्षा बऱ्याच लांब पट्ट्यात दुखत असेल, धाव सुरू करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा शिन स्प्लिंट असते. धाव कमी केली, पोटऱ्यांना बळ देणारे व्यायाम केले, की ते आटोक्यात येते. परंतु अंगठ्याने दाबल्यावर एकाच ठिकाणी जीव जाईल अशी कळ येत असेल, धावताना वेदना वाढतच जात असेल आणि रात्री अंथरुणातही ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घेऊन धाव त्याच दिवशी थांबवावी व अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. अशी चीर सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. या गृहस्थाचाही एक्स-रे स्वच्छ आला, त्याच आनंदात त्याने आणखी एक धाव केली आणि अखेर एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. डिसेंबर आणि जानेवारी त्याने कुबड्या व जलतरण तलाव यांत काढले. शर्यतीचे शुल्क परत मिळत नसते, हे वेगळे सांगायला नको.

बुडालेला सराव बुडालाच, असे मानणे हाच त्यावरचा मार्ग आहे. चार-पाच दिवस चुकले असतील, तर तक्ता आहे तिथून पुढे चालू ठेवावा. दोन-तीन आठवडे गेले असतील, तर परतीच्या पहिल्या आठवड्यात नेहमीच्या अंतराच्या जेमतेम दोन-तृतीयांश धावावे आणि लांब धाव सणापूर्वी शेवटची जेवढी केली होती त्याहूनही कमी ठेवावी. महिनाभराहून अधिक खंड पडला असेल, तर शर्यतीच्या वेळेचे लक्ष्य सोडून द्यावे. आठवड्याचे अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये हा प्रचलित नियम मी काटेकोरपणे पाळत नाही, कारण आठवड्याला १५ किलोमीटर धावणाऱ्याला तो फार कंजूष आणि ६० किलोमीटर धावणाऱ्याला फार उदार ठरतो. मात्र तीन आठवडे अंतर वाढवले, की चौथ्या आठवड्यात ते पाव हिश्शाने कमी करण्याची सवय मी कधीही मोडलेली नाही.

पुण्याच्या धावकांची एक खास चूक मुंबईत गेल्यावर उघडी पडते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेची हवा कोरडी आणि चांगलीच गार असते, त्या हवेत केलेल्या धावेवरून शर्यतीचा वेग ठरवला जातो आणि मग मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी कितीतरी वर चढते. हौशी धावकांची पूर्ण मॅरेथॉन अंधारात सुरू होत असली, तरी परतीच्या वाटेवर, ३५ किलोमीटर उलटून गेल्यावर, पेडर रोडचा चढ येतो तेव्हा ऊन पाठीवर आलेले असते. तो चढ ना फार लांब आहे ना फार उभा. तळजाई रोज चढणाऱ्याला एरवी त्याचे काहीच वाटणार नाही. परंतु स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन हे इंधन साधारण ३० ते ३२ किलोमीटरनंतर संपत आलेले असते आणि अशा वेळी लहानसा चढही माणसाला रस्त्याच्या कडेला बसवतो. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागत असल्यामुळे शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एक-दोन सावकाश धावा आम्ही मुद्दाम सकाळी नऊनंतर उन्हात करतो. पुण्यात जमलेल्या वेगात मुंबईसाठी किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद वाढवून घ्यावेत, हा माझा आडाखा आहे. तो न मानणारे पेडर रोडवर चालताना भेटतात.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोकांची माणसे असतात. काही जण तासन्‌तास थेंबही घेत नाहीत, तर काही जण प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले साधे पाणी रिचवतात, आणि यातील दुसरा प्रकारही तितकाच धोकादायक आहे, कारण अति पाण्याने रक्तातील सोडियम घसरून मळमळ, गोंधळलेपणा आणि क्वचित जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो. धावेच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करावे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर घाम गेला, असे समजावे. एवढा साधा प्रयोग दोन-तीन वेळा केला, की आपल्याला तासाला किती पाणी लागते याचा अंदाज येतो. ओआरएसची भुकटी मात्र पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच विरघळवावी. अर्ध्या पाण्यात कालवून ‘कडक’ केलेले ओआरएस पोट बिघडवते.

उपवास आणि लांब धाव यांची सांगड घालणाऱ्यांना मी विरोध करत नाही, परंतु नवरात्राचे नऊ दिवस निव्वळ साबुदाण्यावर काढून रविवारी २५ किलोमीटर धावणे अनाठायी आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यामुळे इंधन मिळते, पण झिजलेले स्नायू भरून येण्यासाठी लागणारी प्रथिने त्यात नसतातच. दूध, दही, शेंगदाणे आणि राजगिरा यांची जोड द्यावी, नाहीतर त्या आठवड्यात धाव कमी करावी. दीड तासाहून लांब धावेत काही ना काही खाण्याची सवय आधीपासून लावून घ्यावी. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात आणि ती खजूर, केळे किंवा जेल (धावकांसाठी पाकिटात मिळणारा गोड, घट्ट रस) यांपैकी कशातूनही मिळाली तरी चालतात. शर्यतीच्या दिवशी कोणी हातावर ठेवलेला अनोळखी जेल खाऊ नये, एवढेच पथ्य.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. शर्यतीच्या आदल्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायला गेल्यावर तिथेच सवलतीत नवे बूट विकत घेऊन ते दुसऱ्या दिवशी घालू नयेत. लांब धावेत पाय सुजतात, म्हणून बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक माप मोठे घ्यावेत. काळीनिळी पडलेली नखे शौर्याची खूण म्हणून दाखवणाऱ्यांना बुटाचे माप कळलेले नसते. काखेत, मांड्यांच्या आत आणि छातीवर व्हॅसलीन लावावे. रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे आणि कानांत गाणी लावू नयेत. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी शर्यतीपूर्वी ‘खबरदारी’ म्हणून घेऊ नये, कारण शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडांवर येतो. विश्रांती घेऊनही आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल, तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. स्त्रियांनी आणि शाकाहारी धावकांनी याबाबत चालढकल करू नये.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करण्याची वेळ येते, तेव्हा नवशिक्यांना चैन पडत नाही. पाय शिवशिवतात, नसलेली दुखणी जाणवू लागतात आणि आपण ढेपाळलो अशा भीतीने कोणीतरी शर्यतीच्या आठ दिवस आधी ‘स्वतःची खात्री करून घ्यायला’ ३२ किलोमीटर धावून येतो. त्या धावेचा फायदा शर्यतीपर्यंत शरीराला मिळत नाही, थकवा मात्र मिळतो. शेवटची मोठी धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकावी, त्यानंतर धावण्याचे दिवस तेवढेच ठेवून प्रत्येक धावेचे अंतर उतरवत न्यावे आणि रिकाम्या झालेल्या वेळात झोपावे.

शर्यतीच्या दिवशी घड्याळावर आंधळा विश्वास ठेवणे ही मला हटकून दिसणारी शेवटची चूक. ४२.१९५ किलोमीटरचा मार्ग वळणांच्या आतल्या कडेने, कमीत कमी अंतर धरून मोजलेला असतो. गर्दीतून वाट काढत धावणाऱ्याचे अंतर त्याहून जास्तच भरते आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस त्यात स्वतःची भर घालते. घड्याळात ४२.६ किंवा ४२.८ दिसणे ही सामान्य गोष्ट आहे, त्यामुळे घड्याळातील सरासरी वेग बरोबर राखूनही काही जण लक्ष्यापेक्षा तीन-चार मिनिटे उशिरा पोहोचतात आणि मार्ग चुकीचा मोजला म्हणून आयोजकांना दोष देतात. रस्त्याच्या कडेला लावलेल्या किलोमीटरच्या फलकांपाशी एकूण किती वेळ झाला ते पाहावे. ५, १०, २१ आणि ३० किलोमीटरला किती वेळ झालेला असावा, हे मी बॉलपेनने मनगटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो. शाई घामाने फिसकटू नये म्हणून तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी.